मुख्य परिवर्तन अधिकारी, भोईवाडा

माणूस काम केल्याने मोठा होत नाही, कळवल्याने होतो. भोईवाड्यातले गंगाधर घाडी सतरा वर्षं एका कुरिअर कंपनीच्या तक्रार विभागात होते, आणि हे त्यांनी कोणालाच कळवलं नाही; सबब ते मोठे झाले नाहीत. मार्चमध्ये विभाग बंद झाला. (तक्रारी चालू आहेत.)

घरी बसून चार महिने झाले तेव्हा मुलीने, प्राचीने, प्रकरण हाती घेतलं.

"बाबा, नोकरी मागणाऱ्याला कोणी नोकरी देत नाही. आधी मोठा हुद्दा जाहीर करायचा ऑनलाइन. मग लोक आपणहून बोलावतात. पर्सनल ब्रँड म्हणतात त्याला."

"पण हुद्दा देणार कोण?"

"तुम्हीच."

हे तर्काला धरून होतं. त्यानुसार पुढील कार्यवाही झाली.

१. संस्था: घाडी असोसिएट्स. मुख्यालय: चाळीची गॅलरी. (कपडे वाळत नसतील त्या वेळेत.)

२. हुद्दा: मुख्य परिवर्तन अधिकारी. हाताखाली कोणी नाही, डोक्यावर कोणी नाही. (इतकी स्वायत्तता मंत्र्यालाही नसते.)

३. फोटो: हाताची घडी घालून. कोट शेजारच्या बंडूचा, त्याच्या लग्नातला. बटण लागेना, म्हणून घडी.

४. (रिक्त. येथे पगार लिहायचा होता.)

५. मजकूर: 'कळवण्यास अत्यंत आनंद होतो की' इथपासून अकरा ओळी, प्राचीच्या. बारावी ओळ गंगाधरांनी स्वतःच्या बोटाने टाइप केली: नोकरी असल्यास कळवा.

"बाबा, ही काढा. अधिकारी असं मागतात का?"

"मग मी हे सगळं करतोय कशाला गं?"

तडजोड झाली. ओळ राहिली, पण तळाला; 'आणखी वाचा' दाबलं तरच दिसेल अशी.

पत्नी शांताबाईंनी एवढंच विचारलं, "अहो, मग उद्यापासून डबा देऊ की नको?" (विचाराधीन.)

दोन दिवसांची निष्पत्ती:
अभिनंदन: ६१२.
पैकी गंगाधर ज्यांना ओळखतात: १९.
'तुम्ही याला पात्रच होतात': २०४. (कशाला, ते कोणी लिहिलं नाही.)
बारावी ओळ वाचल्याचा पुरावा: निरंक.

मंडळाने नाक्यावर फ्लेक्स लावला. त्यावर शुभेच्छुकांचे अकरा चेहरे आणि कोपऱ्यात, जागा उरली म्हणून, गंगाधर.

"गंगादादा, मोठा झालास रे! आता मला चिकटव तुझ्याकडे," बंडू म्हणाला.

(नोकरीसाठी आलेला अर्ज क्रमांक एक. संध्याकाळपर्यंत एकूण सात.)

तिसऱ्या दिवशी जुन्या कंपनीतून विक्रांत सरांचा फोन आला. गंगाधर सवयीने उभे राहिले.

"घाडी, अभिनंदन! बरं झालं बुवा तुमचं. अहो, तुमच्या जागी बसवलेल्या मशीनने तक्रारींचा पार विचका केला. विभाग पुन्हा उघडलाय. पहिलं नाव तुमचंच काढलं होतं मी. तेवढ्यात तुमची बातमी बघितली. म्हटलं, आता यांना कुठल्या तोंडाने विचारायचं? घेतला दुसरा माणूस."

"सर, खाली लिहिलं होतं हो मी..."

"खाली पण होतं का? वा! वाचतो हं निवांत."

फोन बंद झाला. पाच मिनिटांनी आकडा ६१३ वर गेला: विक्रांत सर, टाळ्या.

वाचकांनी हसायला हरकत नाही. फक्त गेल्या आठवड्यात आपण ज्यांचं मनःपूर्वक अभिनंदन केलंत, त्यांना नेमकं काय हवं होतं, तेवढं आठवून पाहा.