मावशीचा नळ आणि मानवी देखरेख

जगात घडणारी प्रत्येक चूक शेवटी कुणातरी माणसाच्या नावावर जमा व्हावी लागते. तशी ती झाली नाही तर मोकाट सुटते आणि कुणाच्याही अंगावर येऊ शकते, अगदी साहेबांच्यासुद्धा. हे सत्य ओळखूनच पाणीपुरवठा कार्यालयाने मानवी देखरेख कक्ष स्थापन केला.

कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली. (वरच्या मजल्यांवर यंत्रणा बसवलेली होती आणि तिला चोवीस तास गारवा लागे. माणसाला पंखा पुरतो.) कार्यालयातले सगळे निर्णय आता एजंट घेत. एजंट म्हणजे पूर्वी फाटकापाशी उभा राहून 'तुमचं काम करून देतो' म्हणणारा तो नव्हे. हा संगणकातला प्रोग्रॅम. स्वतःहून काम शोधणारा, न थकणारा, चहाला न उठणारा. पण कायदा असा होता की माणसाने 'हो' म्हटल्याशिवाय यंत्राचा कोणताही निर्णय अमलात येऊ नये. माणसाने तो निर्णय वाचावा असं कायद्यात कुठेही म्हटलेलं नव्हतं. कायदा करणारी माणसं अनुभवी होती.

तर हे 'हो' म्हणण्यासाठी एक ताई नेमल्या होत्या. सगळे त्यांना हो-ताई म्हणत. समोर पडदा, पडद्यावर दोन बटणं. 'हो' हिरवं, तळहाताएवढं. 'नाही' राखाडी आणि तिळाएवढं, म्हणजे चुकून दाबलं जायला नको.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ताई प्रत्येक प्रस्ताव शेवटपर्यंत वाचत असत. प्रस्ताव तुंबले. साहेब खाली आले आणि, 'तुम्ही कामावर झोपता की काय?' हे ज्या सुरात विचारावं, त्या सुरात म्हणाले, "ताई, तुम्ही वाचता की काय?"

ताई ओशाळल्या. त्यानंतर त्यांनी वाचणं सोडलं आणि जपाचे मणी ओढावेत तसं निष्ठेने 'हो' ओढू लागल्या. मन शांत राही. संध्याकाळी विचारलं तर दिवसभरात कशाकशाला होकार दिला ते सांगता आलं नसतं. पण मनोभावे केलेल्या गोष्टीचा हिशेब ठेवायचा नसतो.

लवकरच प्रयोगशाळेतून एक संशोधक बाई आल्या. 'माणूस आणि एजंट यांचं सहकार्य' हा त्यांचा विषय. ताईंच्या मागे स्टूल टाकून त्या बऱ्याच दिवस बसल्या आणि निष्कर्ष काढला, की देखरेख करणाऱ्या व्यक्तीचं एजंटाशी शंभरातल्या शंभर वेळा एकमत होतं, त्याअर्थी देखरेख निर्दोष आहे. (एकदा ताईंना शिंक आली आणि होकाराला उशीर झाला. ती नोंद तळटीपेत गेली.) साहेबांनी ताईंना शाल दिली. त्यांचं बोट कसं सदैव तयार असतं, यावर दोन शब्दही बोलले.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका सकाळी पंखा बंद पडला. तो सुरू करायला कुणी येईपर्यंत ताई हातातल्या फायलीने वारा घेत पडद्याकडे बघत बसल्या आणि बघता बघता वाचलं गेलं.

'ग्राहक: एकटी वृद्ध स्त्री. पाण्याचा वापर: नगण्य. निष्कर्ष: घरात कोणी राहत नाही. प्रस्ताव: नळजोड तोडावा.'

खाली पत्ता होता. दुसरा मजला, निळा दरवाजा. ताई त्याच दरवाजातून शाळेत जायच्या. त्यांना लहानाचं मोठं करणारी मावशी तिथे राहते.

मावशीचा पाणीवापर नगण्य होता हे खरंच. भाज्या धुतलेलं पाणी कुंड्यांना, कपड्यांचं पाणी फरशीला आणि आंघोळ एका बादलीत, तीही काठोकाठ नव्हे. 'पाणी वाचवा' हे कार्यालयाचं पत्रक तिने शब्दशः पाळलं होतं. असं पाळणारं कुणी असेल हे एजंटाला कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि शिकवायला तसं दुसरं उदाहरणही नव्हतं.

ताईंनी आयुष्यात पहिल्यांदा 'नाही' दाबलं.

पडदा क्षणभर थबकला. मग त्याने कारण विचारलं आणि पर्याय दिले: बोट घसरले, प्रश्न समजला नाही, डोळ्यांवर झापड आली, इतर (ही सोय सध्या बंद आहे). 'मावशी जिवंत आहे' असा पर्याय नव्हता. ताईंनी नाइलाजाने 'बोट घसरले' निवडलं. पडदा प्रेमाने म्हणाला, 'हरकत नाही, पुन्हा विचारतो.' आणि त्याने पुन्हा तेच विचारलं. ताईंनी पुन्हा 'नाही' दाबलं. तिसऱ्यांदा दाबल्यावर पडदा म्हणाला, 'आपण दमलेल्या दिसता. विश्रांती घ्यावी.' आणि बंद झाला.

ताईंनी मावशीला फोन लावला.

"मावशी, नळ सोडून ठेव."

"काय ठेवू?"

"नळ गं. वाहता सोड."

"डोकं ठिकाणावर आहे ना? डोळ्यांदेखत पाणी वाया जाताना मला घास उतरायचा नाही."

"तू घरात आहेस हे त्यांना कळायला नको का? नाहीतर तोडतील नळ."

"कोण तोडतील?"

"ऑफिसवाले."

"म्हणजे तूच की! मग सांग त्यांना. तोंड शिवलंय का तुझं?"

"माझं नाही चालत तिथे. मी फक्त हो म्हणायला आहे."

"अगं बाई! लहानपणी साधं 'हो, दूध पिते' कधी म्हणाली नाहीस ती!"

शेवटी भाचीसाठी म्हणून मावशीने नळ सोडला. तासभर मन घट्ट करून पाठ फिरवून बसली. मग राहवेना, म्हणून बंद केला. एजंटाने त्याची तत्परतेने दखल घेतली: 'निर्जन घरात अचानक पाणीवापर. निष्कर्ष: गळती. प्रस्ताव: नळजोड तातडीने तोडावा.'

आता ताई जिना चढून थेट साहेबांच्या खोलीत गेल्या. संशोधक बाई तिथेच बसल्या होत्या.

"साहेब, मावशी जिवंत आहे."

"असणारच हो," साहेब मायेने म्हणाले. "आपण कुठे नाही म्हणतो? प्रश्न त्या जिवंत आहेत की नाहीत हा नाहीच. वापर किती हा आहे."

"मी तीनदा नाही म्हटलं."

"तेच तर!" संशोधक बाईंचे डोळे चमकले. "इतका सुंदर नकार आम्हाला कधी मिळाला नव्हता. पण काळजी करू नका, काम अडलेलं नाही. तुम्ही विश्रांतीवर गेलात तेव्हापासून तुमच्या जागी तुमचाच एजंट बसवलाय."

"माझा?"

"तुमच्याच सवयींवर शिकवलाय. तुम्ही आजवर दिलेले सगळे होकार त्याला दाखवले. अगदी हुबेहूब तुम्ही."

"मग त्याला मावशी कळली असेल ना?"

"अहो, त्याला मावशी कुठून असणार? पूर्वग्रह वगळून उरता तेवढ्याच तुम्ही आहात त्यात."

"पण कायद्याने तर माणूस लागतो."

"नाव माणसाचंच आहे की," साहेबांनी पडदा वळवून दाखवला. मावशीचा नळजोड तोडण्याच्या प्रस्तावाखाली हिरव्या अक्षरांत होकार होता आणि त्यापुढे ताईंचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

ताईंनी ते नाव पुन्हा एकदा वाचलं. हा होकार त्यांनी दिलेला नव्हता असं म्हणायला त्यांची जीभ रेटेना. असे पुष्कळ होकार त्यांनी दिले होते. त्यांतल्या कुणाला मावशा होत्या हे त्यांना माहीत नव्हतं.

तरी कार्यालय निर्दय नव्हतं. घराशी संबंधित निर्णयावर अंतिम शब्द जनतेचा असावा म्हणून 'नागरिक सहमती' नावाची सोय होती. ग्राहक आणि तिचे नातेवाईक सोडून (त्यांना पूर्वग्रह असतो) शहरातल्या प्रत्येकाच्या फोनवर तो प्रश्न जाणार, आणि एकाने जरी हरकत घेतली तरी माणूस प्रत्यक्ष जाऊन दार वाजवणार. (दार वाजवणारा माणूस कार्यालयाकडे होता. बरीच वर्षं तो नुसता बसून होता.)

ताई मावशीकडे जाऊन राहिल्या. मावशीने भाचीला वाढलं आणि स्वतः नळाकडे तोंड करून बसली.

"किती जणांना विचारणार म्हणालीस?"

"सगळ्यांना."

"मग झालं तर! सगळे काय तुझ्यासारखे असतात? एवढ्या माणसांत एकजण तरी वाचेलच की. तू उगाच घोर लावून घेऊ नकोस. जेव."

ताई जेवल्या. मावशीने त्या रात्री हंडा, कळशी, पातेली काहीच भरून ठेवलं नाही. भरून ठेवणं म्हणजे लोकांवर अविश्वास दाखवणं झालं असतं.

सकाळी तिने तोटी फिरवली. नळ जरासा खाकरला आणि गप्प झाला.

सहमती एकमताने मिळाली होती. लोकसहभागाचं हे प्रमाण पाहून संशोधक बाईंचे डोळे पाणावले. मावशी रिकामी बादली घेऊन दारात उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "कोण असतील गं ही माणसं?"

माणसं चांगलीच होती. प्रश्न त्यांना कामाच्या घाईत आला. ती दुसरंच काहीतरी उघडत होती आणि मध्येच ही चौकोनी पाटी आली. तुम्हाला आठवत नसेल. ती बाजूला सारताना तुम्ही किंचित वैतागलातही. खालचं हिरवं बटण दाबलं की ती जाते हे तुम्हाला माहीत होतं, आणि ती गेलीही.

नंतर कार्यालयाने सहभागी झालेल्या प्रत्येकाला स्वतंत्र आभारपत्र पाठवलं. त्यात निळ्या दरवाजाचा पत्ता आहे, मावशीचं पूर्ण नाव आहे, आणि अजूनही हरकत असल्यास कुठे कळवायचं तेही आहे. तुमचं आभारपत्र तुमच्या फोनमध्ये तसंच पडून आहे, न उघडलेलं.