आपोआप चालणाऱ्या मळ्यावरचा माणूस

सर्बियातल्या चाचाक शहरात आमच्या इमारतीच्या दोन नंबरच्या जिन्यात अठरा बिऱ्हाडं आहेत आणि त्यांची मिळून एक रहिवासी सभा आहे. मी, स्वेतोझार, तिचा चिटणीस. गेल्या वर्षी छताची गळती, बंद लिफ्ट आणि तळघरातला वास हे तीन विषय पुढच्या बैठकीवर ढकलून सभेनं एकमतानं ठराव केला, की संगणकावरच्या त्या चौकोनी ठोकळ्यांच्या खेळात, जिथे आमच्या जिन्याचं एक सामाईक जग आहे, तिथे कलिंगडांचा स्वयंचलित मळा उभारावा. तोवर प्रत्येक बिऱ्हाड आपापली कलिंगडं हातानं तोडायचं. आमच्यासारख्या सुधारलेल्या जिन्याला ते शोभत नव्हतं.

मळा बांधला तिसऱ्या मजल्यावरच्या वुकाशिननं. तो लिफ्ट दुरुस्त करतो, आमची सोडून. कलिंगड पिकलं की यंत्राला कळतं, दट्ट्या सरकतो, कलिंगड फुटतं आणि फोडी घरंगळत पेटीत पडतात. "माणसाचा हात म्हणून लागत नाही," वुकाशिननं जाहीर केलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. औषधाच्या दुकानातल्या दोब्रिलाबाईंनी खेळातच एक फीत कापली.

दुसऱ्या दिवशी पेटी उघडली तर आत एक फोड नाही.

"मळा चालतो हो," वुकाशिन म्हणाला. "फक्त जवळ कुणीतरी असलं पाहिजे. जिथे खेळाडू नाही, तो भाग खेळ गोठवून ठेवतो."

"म्हणजे तिथे जाऊन काय करायचं?"

"काही नाही. नुसतं असायचं."

"आणि नुसतं असलेलं खेळाला चालतं?"

"छे! दहा मिनिटांत हाकलून देतो. म्हणून अधूनमधून एक कळ दाबायची, जिवंत आहे म्हणून."

सभेनं समजून मान डोलावली. काही न करता हजर राहायचं आणि अधूनमधून जिवंत असल्याचा पुरावा द्यायचा, हे पद आमच्या देशात नवं नाही. अनुभवी माणूस तेवढा हवा होता, आणि तो तळमजल्यावरच राहत होता.

रादोसावकाका चौतीस वर्षं स्क्रूच्या कारखान्यात फाटकावर होते. कारखाना बंद पडला तेव्हा सगळ्यांना कळवलं, फाटकावर कळवायचं राहिलं, म्हणून ते पुढे पाच महिने जात राहिले. बायको वारली, एकुलती एक लेक गोर्दाना ऑस्ट्रियात, लिंत्सला रुग्णालयात परिचारिका. काका लगेच हो म्हणाले. तळघरात जिथे पूर्वी सगळ्या जिन्याचे कपडे धुतले जायचे, त्या खोलीत संगणक मांडला, आणि काका सकाळी आठ ते रात्री आठ तिथे बसू लागले.

पहिल्याच आठवड्यात त्यांचा डोळा लागला आणि दोन पेट्या कमी भरल्या. सभेनं खुर्ची काढून घेतली. काका उभे आहेत की नाही हे पाहायला दोब्रिलाबाईंना निरीक्षक नेमलं. दोब्रिलाबाई खरंच पाहतात की नाही, याची नोंद मी ठेवू लागलो. अशा रीतीनं मळा पूर्णपणे स्वयंचलित झाला. काका नसतील तेव्हासाठी बाकीच्या बिऱ्हाडांना बदली पाळ्या लावल्या, आणि माणुसकी म्हणून मी एक कलम घातलं: आपल्या कुळाच्या संताचा दिवस, म्हणजे स्लावा, असेल तर रजा, दुसऱ्याच्या स्लावाला जायचं असेल तरीही रजा.

या कलमाचा मला फार अभिमान होता. डिसेंबरात संत निकोलाचा दिवस आला तेव्हा जरा घोळ लक्षात आला. त्या दिवशी अर्ध्या लोकांच्या घरी स्लावा असतो आणि उरलेले अर्धे त्यांच्याकडे जेवायला जातात. सतरा अर्ज आले. सतराही नियमात बसत होते, मी शिक्के मारले. अठरावा अर्ज घेऊन काका स्वतः आले.

"स्वेतोझार, माझाही निकोलाच आहे रे. गोर्दाना येतेय, चार वर्षांनी. सकाळी पोचणार, चारच्या बसनं परत. एकाच दिवसाची सुट्टी मिळालीय पोरीला. स्लावाचा पाव तिच्याबरोबर कापायचाय, दुसरं काही मागत नाही मी."

माझा जीव खरंच गलबलला. म्हणूनच मी अर्ज एकट्यानं न फेटाळता सभेपुढे ठेवला.

"काका, एक सांगा," दोब्रिलाबाई म्हणाल्या, "स्लावाला यजमान बसतो का?"

"नाही बाई. यजमान दिवसभर उभा. पाहुण्यांना वाढतो."

"मग झालं तर! उभंच राहायचंय ना? खाली उभे राहा!"

ठराव झाला: यजमान परंपरेनंच उभा असल्यामुळे त्याला वेगळी रजा देता येत नाही.

संत निकोलाच्या दिवशी गोर्दाना बॅग वर ठेवून तडक तळघरात आली. पाव, मेणबत्ती, उकडलेले गहू, सगळं तिनं कपडे धुण्याच्या हौदावर मांडलं. नाताळाआधीच्या उपासाचा काळ, मांस वर्ज्य, म्हणून मासा आणि कोबीच्या पानात भात गुंडाळलेली बिनमांसाची सार्मा. स्लावाला कुणाला बोलवावं लागत नाही, पाहुणे आपणहून येतात, आणि रजेचं कारण खरं करून दाखवायला हवं, तेव्हा दुपारी दोनपर्यंत सतराही बिऱ्हाडं आपापली पानं उरकून काकांकडे पाहुणे म्हणून तळघरात हजर झाली. पाय ठेवायला जागा नव्हती.

"बाबा, पाव धरा ना. दोघांनी धरून फिरवायचा असतो."

"थांब गं, एवढी कळ दाबतो."

पाव तीनदा थांबला. मग गोर्दाना माझ्याकडे वळली. "या कलिंगडांचं करता काय तुम्ही?"

"खेळातल्या व्यापाऱ्यांना विकतो. पाचू मिळतात," मी कार्प माशाचा काटा काढत सांगितलं.

"पाचूंचं?"

"काच घेतो."

"आणि काचेचं?"

"कोठारं बांधतो. अकरा झाली. कलिंगडं ठेवायला जागा नको?"

"खातं कोण?"

हा मुद्दा विषयपत्रिकेवर कधीच आला नव्हता. तो मी उपसमितीकडे पाठवला.

"अहो, सतरा घरची माणसं इथे उभी आहात," तिचा आवाज चढला. "कुणी एकानं पाच मिनिटं कळ दाबली तर हात झिजेल का?"

"ताई, कळकळ समजते," वुकाशिननं सार्मा वाढून घेतली, "पण आम्ही रजेवर आहोत."

त्याचं चूक नव्हतं. रजेवरच्या माणसानं काम करणं म्हणजे रजेचा गैरवापर. सगळ्यांनी गंभीरपणे खाली पाहिलं आणि ताटल्या पुसून घेतल्या. गोर्दानाच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांनी ते पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं; मी माशाकडे.

"चल गं," ते म्हणाले, "वर चल." त्यांनी कळीवरचा हात उचलला, पाव काखेत घेतला आणि लेकीला घेऊन जिना चढून गेले. वर दार लागल्याचा आवाज आला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मी घड्याळ पाहून वेळ टिपली.

दहा मिनिटांनी खेळानं काकांना हाकलून दिलं आणि मळा गोठला. तो सकाळपर्यंत गोठलेलाच होता.

चौकशी समितीनं सगळ्यांच्या साक्षी घेतल्या. एक फोड कमी पडली, असं कुणी सांगितलं नाही. मळा बंद आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. पण मळा स्वयंचलित असल्यामुळे तो स्वतःहून बंद पडू शकत नाही, अर्थात दोष माणसाचा, असा निष्कर्ष निघाला आणि रादोसावकाकांना एकमतानं काढून टाकलं. तळघराची किल्ली द्यायला आले तेव्हा हा माणूस चक्क हसत होता. चारची बस साडेचारला सुटली म्हणे, आणि अख्खा वेळ दोघं वर गप्पा मारत बसली होती.

तेव्हा सध्या ती जागा रिकामी आहे. जाहिरात द्यायचं ठरलं होतं, पण मी सभेला सांगितलं, खर्च नको, माणूस सापडला. तुम्ही वाचायला बसल्यापासून घरातल्या माणसानं तुम्हाला दोनदा हाक मारली आहे. दोन्ही वेळा तुम्ही "हो, हो, झालंच" म्हणालात आणि जागचे हलला नाहीत. उद्या सकाळी आठला या. नेमणुकीवर सही झाली आहे.