चालती गाडी ढकलत नेली त्याची गोष्ट

माझ्यावर कोणाचा विश्वास बसला नाही. नवऱ्याचा नाही, पोटच्या पोरीचा नाही, आणि ज्याचा तो धंदाच आहे त्या मेकॅनिकचाही नाही. तीन आठवडे मी एकच सांगत होते, गाडी टकटक करते. आणि तीन आठवडे हे तिघं मला एकच सांगत होते, भास होतोय.

गाडी आमची सतरा वर्षांची. ती आता लेकीला द्यायची ठरली होती. लेक नर्स झाली, पाच तासांच्या वाटेवर एका दवाखान्यात नोकरी लागली, सोमवारी हजर व्हायचं होतं. पण जिच्या पोटात काय दुखतंय ते कळत नाही, त्या गाडीत मी एकुलती एक लेक एकटी बसवणार नव्हते. आवाज सापडल्याशिवाय गाडी हलणार नाही आणि लेकही हलणार नाही, असं मी जाहीर केलं. तेव्हापासून लेक माझ्याशी मोजूनमापून बोलत होती.

आवाज फक्त मलाच यायचा, त्याला कारण होतं. सकाळी आमचे हे गाडी काढतात तेव्हा फाटक मी धरते. मी बाहेर, हे आत, काचा बंद, रेडिओ चालू. यांना इंजिन गळून पडलं तरी बातम्या संपेपर्यंत कळणार नाही. मी चोवीस वर्षं शिवणयंत्र चालवते. एक स्क्रू सैल झाला तर मला झोपेत कळतं. तसं सांगितलं तर हे म्हणाले, "अगं, चौथी शिकलीस तू, इंजिनातलं तुला काय कळतं?" मी म्हटलं, पुढं शिकून कान वाढतात असं मी तरी कुठं पाहिलं नाही.

तीनदा गॅरेजला नेली. गाडीनं पाच मिनिटांचा रस्ता. तीनही वेळा गाडी तिथं शहाण्या सुनेसारखी गप्प. मेकॅनिकनं लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि एक कानाला लावलं, डोळे मिटले, आणि म्हणाला इंजिन ठणठणीत आहे, काकूंचे कान तपासून घ्या. यांनी ते मनावर घेतलं. कानाच्या डॉक्टरांनी मला पेटीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या आणि सांगितलं, बाईंना जरा जास्तच ऐकू येतं. (हे मला तीस वर्षं ठाऊक आहे. सासूबाई स्वयंपाकघरात पुटपुटायच्या ते मला अंगणात कळायचं.)

शनिवारी सकाळी फाटक धरून उभी असताना डोक्यात उजेड पडला. आवाज गार इंजिनाचा. गॅरेजला पोचेपर्यंत ते तापतं आणि आवाज मरतो. म्हणजे गाडी तिथं गारच पोचली पाहिजे. म्हणजे चालू न करता. म्हणजे ढकलत.

यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मी पदर खोचला तेव्हा त्यांना खरं वाटलं. यांना स्टिअरिंगला बसवलं. चावी एक घर फिरवायची, स्टिअरिंगचं कुलूप सुटण्यापुरती. दुसरं घर फिरवलं तर दुपारचं जेवण बाहेर, असं बजावलं. मागून मी आणि लेक.

पहिल्याच वळणावर एक भला माणूस धावत आला. बॅटरी गेली का? नाही म्हटलं. पेट्रोल संपलं? कालच भरलंय. "मग झालं काय गाडीला?"

"काही नाही. चांगली चालते."

तो मागे सरकला, पण त्याच्यामागून आणखी चौघं आले. त्यांना प्रश्नच नव्हते, नुसता उत्साह. उतारावर त्यांनी असा काही जोर लावला की मी आणि लेक मागे राहिलो आणि गाडी पुढे गेली. क्लच सोडा, क्लच सोडा म्हणून ते यांच्यावर ओरडत होते, आणि हे काच खाली करून अजिजीनं सांगत होते की बायको नको म्हणते. खाली पोचल्यावर एकानं यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो निघून गेला.

गॅरेजमध्ये मेकॅनिकला मी दम खाऊन सांगितलं, आता लाव चावी. त्यानं लावली. टक टक टक टक.

यांनी मान खाली घातली. लेकीनं माझा हात धरला. मेकॅनिकनं रेडिओ बंद केला, जो त्याच्या गॅरेजात कधीच बंद नसतो.

अर्ध्या तासानं सापडलं. इंजिनाचा धूर बाहेर नेणारा जो बिडाचा नळ असतो, त्याला केसाएवढी चीर. गार असताना चिरेतून धूर टक टक करत निसटतो, तापला की नळ फुगतो आणि चीर मिटते. उद्या चीर वाढली असती तर धूर गाडीत शिरला असता, काचा बंद, चालवणाऱ्याला गुंगी येते आणि कळत नाही, असं तो हळू आवाजात म्हणाला. त्याच्याकडे जुना नळ होता, रविवारपर्यंत बसवतो म्हणाला. लेक सोमवारी जाणार हे नक्की झालं.

मग माझा पारा चढला. हे कोणी केलं? खड्ड्यात गाडी घालणाऱ्या नवऱ्यानं की पाना आवळणाऱ्या मेकॅनिकनं? ज्यानं माझी पोर धोक्यात घातली त्याचं नाव तुझ्या वहीत पक्क्या शाईनं लिही, असं मी चार गिऱ्हाइकांदेखत बजावलं.

"असा नळ ठोकून फुटत नाही काकू," तो म्हणाला. "तापलेला असताना गार पाणी पडलं की तडकतो. इंजिन धुतलं का कोणी?"

यांनी आणि लेकीनं माझ्याकडे पाहिलं. तीन आठवड्यांपूर्वी लेकीच्या नोकरीचं पत्र आलं त्या संध्याकाळी, पोरीला गाडी स्वच्छ मिळावी म्हणून, हे कचेरीतून येऊन दहा मिनिटंही झाली नसतील तेव्हा बॉनेट उघडून गार पाण्याच्या तीन बादल्या कोणी ओतल्या, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. वाफ निघाली होती. मला वाटलं मळ निघतोय.

मेकॅनिकनं माझं नाव विचारलं नाही. वही उघडली, 'कारण' लिहिलं, आणि पुढं तो आणि आख्खी गल्ली माझ्या माघारी मला काय म्हणतात ते सवयीनं लिहून गेला. चौथी शिकलेय, उलटं धरलं तरी वाचता येतं: फौजदारीणबाई.