देसाईबाईंचा बाजार

डिचोलीजवळच्या आमच्या शाळेत देसाईबाईंचा मराठीचा तास सुरू झाला की शेजारच्या वर्गात माझं गणित शिकवणं बंद पडायचं. भिंतीपलीकडे पितळेच्या ताटावर उलथनं आपटायचं आणि पाठोपाठ बाईंचा आवाज यायचा, "चला, दुकानं बदला."

सातवीचे बाक त्यांनी चार कोपऱ्यांत लावले होते, प्रत्येक कोपरा म्हणजे एक दुकान. एका दुकानात धडा वाचायचा, दुसऱ्यात शब्द जुळवायचे, तिसऱ्यात गोष्ट सांगायची, चौथ्यात ती लिहायची. पाच-सहा मुलांचा घोळका. ताट वाजलं की पुढच्या दुकानात.

हेडमास्तर एकदा म्हणाले, "बाई, हा वर्ग आहे की म्हापशाचा शुक्रवार?"

"शुक्रवारच. म्हापशाच्या बाजारात कोणी पेंगलेला बघितलात?"

ते भाषावादाचे दिवस होते. गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी, यावरून एका वाड्यावरची माणसं एकमेकांच्या घरी चवथीच्या गणपतीला जाईनाशी झाली होती. एका सकाळी सातवीतल्या रामनाथचे वडील तणतणत वर्गात शिरले. "आमचो चलो तांच्या चेडवाकडे बसचो ना." ते चेडू म्हणजे वादात दुसऱ्या बाजूला असलेल्या शेजाऱ्यांची मुलगी कुंदा, रामनाथच्याच घोळक्यातली.

मी धावत दारापाशी गेलो. बाईंचा आवाज जराही चढला नाही. "न्या की. पण आज गोष्टीच्या दुकानात सांगणारा कोणी नाही. तेवढं करून जावा."

काय झालं कोण जाणे, ते बसले. गुडघे बाकाखाली मावेनात. पूर आला तेव्हा त्यांच्या गोठ्यातली म्हैस कशी वाहून गेली, ते कोकणीत सांगू लागले. कुंदा मराठीत लिहून घेत होती. मध्येच तिनं विचारलं, "काका, मगीर म्हस खंय मेळ्ळी?"

"तुज्या आज्याच्या परसांत," ते म्हणाले. "ताणेंच दोरयेन ओडून काडली." आणि कुंदाच्या आज्यानं दोर कसा ओढला ते हातांनी करून दाखवलं.

जाताना त्यांनी मुलाला नेलं नाही.

शाळा सुटल्यावर विचारलं, "बाई, हे शिकलात कुठं?"

"मी शिकले त्या वर्गात मुलगी मी एकटीच. मास्तर भले होते. पण शाळा संपेपर्यंत मला कुणी काही विचारलं नाही." भाड्याच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या बाई जरा हसल्या. "आता घरी तरी कोण विचारतंय?"

मी म्हटलं, "सध्या काय वाचताय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची ओढली. शिपाई फाटक लावायला येऊन दोनदा परत गेला, तरी बाई सांगतच होत्या.