साळवे काका आणि काचेचा बोगदा

साळवे काका कुणाकडे जेवायला गेले, की ताटावर बसण्याआधी विचारतात, "आग लागली तर इथून कुठून निघायचं?" यजमानीणबाई गरम पुऱ्यांची चाळण घेऊन उभ्या असतात. त्यांना वाटतं, टोमणा आपल्या स्वयंपाकाला आहे. काका पुढचं दार बघतात, मागचं बघतात, बाल्कनीची कडी काढून पुन्हा लावतात आणि मग पोटभर जेवतात. पुऱ्यांचं कौतुकही करतात. फक्त बसतात दाराकडे तोंड करून.

फरीदाबादच्या एका कारखान्यात ते सुरक्षा अधिकारी होते. कारखान्याने त्यांना केव्हाच निवृत्त केलं, पण सुरक्षेला निवृत्त करायचं काकांच्या मनात नाही. लग्नाला गेले की आधी मांडवाचे दोर ओढून बघणार, मग नवरा-नवरीकडे वळणार. नाताळच्या आदल्या रात्री चर्चमध्ये सगळे मेणबत्त्या हातात धरून गात असतात, तेव्हा काका शेवटच्या बाकावर पायाशी पाण्याची बादली घेऊन बसलेले असतात. एकदा पाळकसाहेब म्हणाले, "साळवे, जरा देवावर भरवसा ठेवा." काका म्हणाले, "देवावर आहे. मेणबत्तीवर नाही."

"शक्यता नाकारता येत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. लिफ्ट अडकेल का, पंखा पडेल का, गीझर फुटेल का, काहीही विचारा. उत्तर हेच.

आम्ही एकाच इमारतीत राहतो, ते खाली आणि आम्ही वर. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा स्वतःला फार देखणी समजत होते. पुरावा म्हणून फक्त माझ्या आईचं मत होतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी दारात एक तरुण गृहस्थ, हातात वाटी. मी पदर सारखा केला, केसांतला गुलाब जरा पुढे ओढला आणि "या ना" म्हणाले, ते इतक्या मंजुळ आवाजात की माझा मलाच हेवा वाटला. गृहस्थ माझ्याकडे न बघता सरळ स्वयंपाकघरात शिरले. वाटीतला साबणाचा फेस त्यांनी गॅसच्या नळीला फासला, बुडबुडे येतात का बघितलं, "ठीक आहे वहिनी" म्हणाले आणि निघून गेले. त्या गुलाबाची चौकशी आजवर कुणी केलेली नाही.

पुढे माझी मुलं त्यांना काका म्हणायला लागली, म्हणून मीही काकाच म्हणू लागले.

त्यांची बायको होती तोवर या सगळ्याला लगाम होता. ती नुसतं "अहो" म्हणायची आणि काका तोंड मिटायचे. ती गेली आणि घरातल्या शक्यता वाढत गेल्या.

त्यांची मुलगी विनीता गुडगावला असते. तिची मुलगी मिनू सहा वर्षांची आहे. मिनूचं मराठी म्हणजे अर्धी हिंदी, पण शाळेत पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी पाण्यात उतरायला सांगितलं तेव्हा ही काठावर हाताची घडी घालून उभी राहिली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "शक्यता नाकारता येत नाही." बाईंना काही कळलं नाही. त्यांनी विनीताला बोलावून घेतलं. विनीताला सगळं कळलं.

ती तडक फरीदाबादला आली. माझ्यासमोरच म्हणाली, "बाबा, तिच्या वर्गातली सगळी मुलं ते नवीन मत्स्यालय बघून आली. हीच जात नाही. रविवारी आपण तिला नेतोय. तिथे तुम्ही तिला एकदाही घाबरवलं नाहीत, तर नाताळची पूर्ण सुट्टी ती तुमच्याकडे राहील. घाबरवलंत, तर मी तिचं नाव कॅम्पला घालते. आणि मग उन्हाळ्याच्या सुट्टीतही नाही."

दुसऱ्या दिवशी मी खाली गेले, तर मधल्या खोलीतल्या टेबलाच्या कोपऱ्यांना ते जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवत होते. खिडकीशी छोटी खाट घातली होती. हा माणूस आशासुद्धा अशीच दाखवतो.

"वहिनी, तुम्ही सोबत चला," ते म्हणाले. "माझं तोंड उघडताना दिसलं की चिमटा काढायचा."

"जोरात?"

"लाजू नका."

मत्स्यालय एका मॉलच्या तळघरात होतं. तळघर आणि पाणी हे दोन शब्द एकत्र ऐकून काकांच्या कपाळाची शीर उडायला लागली. जिन्यावर मिनूने त्यांचं बोट पकडलं. दुसऱ्या बाजूला मी, बोटं तयार ठेवून.

पहिल्या टाकीपाशी ते म्हणाले, "या काचेची जाडी..." मी चिमटा काढला. "...छान आहे," ते म्हणाले.

"आजोबा, ये मछली मला घूर रही है."

"बघू दे बाळ, तिला वाटत असेल की ही काच जर..." चिमटा. "...की ही मुलगी किती गोड आहे!"

विनीता पुढे चालत होती, पण तिची पाठ ऐकत होती. मिनूच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू येत होतं, आणि स्वेटराखाली काकांच्या दंडाचा रंग बदलत असणार. माझी बोटं दुखायला लागली, पण खोटं कशाला सांगू, मजाही येत होती.

मग तो बोगदा आला. दोन्ही बाजूंना काच, डोक्यावर काच, काचेपलीकडे शार्क. काकांनी आत एक पाऊल टाकलं, आणि वरून एक थेंब त्यांच्या टकलावर पडला.

त्यांनी वर बघितलं. मग माझ्याकडे. चिमटा काढायची गरजच पडली नाही, ते बोललेच नाहीत. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मिनू बोगद्याच्या तोंडाशीच थांबली होती. "मम्मा, पहले पॉपकॉर्न खाऊ या ना?" पोरगी टाळत होती. विनीताने ओळखलं, पण म्हणाली, "चल." मीही त्यांच्याबरोबर गेले, तिथेच चुकलं. परत आलो तर बोगद्याच्या तोंडाशी काका नाहीत.

"पळाले," विनीता म्हणाली. "मला माहीत होतं."

मिनूने आईचा हात दोन्ही हातांनी पकडला. "आजोबा गेले म्हणजे इथे डेंजर आहे ना?"

विनीताने डोळे मिटले. "बघा मावशी. न बोलतासुद्धा घाबरवलंच."

खाट, ट्यूबचे तुकडे, सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी धावले चौकशीच्या खिडकीकडे. तिथे एक पंजाबी मुलगी बसली होती. गोंगाट इतका की माझं मलाच ऐकू येईना.

"बेटा, हमारे काका खो गए हैं!"

"हाय! कितने साल के हैं?"

"छिहत्तर."

"छह. कपड़े?"

"नीला स्वेटर."

"रो रहा होगा बेचारा."

"रोएगा क्यों? सबको डांट रहा होगा."

"मम्मी-पापा का नाम बता लेगा?"

"उनको गुज़रे तो ज़माना हो गया."

मुलीचा हात छातीवर गेला, डोळे भरून आले. मला वाटलं, काय मायाळू पोर आहे! तेवढ्यात भोंग्यातून तिचा आवाज आला: निळा स्वेटर घातलेला एक छोटा काका हरवला आहे, कुणाला दिसला तर प्यार से पकड़कर काउंटरवर आणावा, त्याला टॉफ़ी मिलेगी.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. गोंगाटात शहात्तरचे सहा झाले होतेच, आणि पंजाबी घरात काका म्हणजे लहान मुलगा. शेजारणींचे काके मी कडेवर खेळवलेत, आणि ऐन वेळी हे! तरुणपणी मी या इमारतीतल्या बायकांची हिंदी सुधारायला निघाले होते, यावरून माझी कल्पना करा.

मी दुरुस्ती करेपर्यंत रखवालदार निळ्या स्वेटरातला एक मुलगा उचलून घेऊन आला. मुलगा हातपाय झाडत होता, मागून त्याची आई ओरडत येत होती. मिनू फिस्सकन हसली. विनीता हसली नाही. मी त्या बाईची माफी मागितली, म्हटलं, आमचा काका म्हातारा आहे हो, टक्कल आहे.

"वो अंकल?" बाई एकदम थांबली. "वो तो टनल में खड़े हैं. दीवार पकड़ के. कब से!"

"आजोबा आत आहेत?" मिनू म्हणाली, आणि आईचा हात सोडून बोगद्यात धावली. मघाशी जिचं पाऊल उंबऱ्यापलीकडे पडत नव्हतं, ती. आम्ही तिच्या मागे.

बोगद्याच्या मध्यावर काका उभे होते. दोन काचा जिथे जुळतात त्या सांध्यावर दोन्ही तळहात टेकवून, पाय फाकवून, कुणी अंगावर येणारी भिंत अडवावी तसे. लोक त्यांना वळसा घालून फोटो काढत होते. त्यांच्या डोक्यावरून एक भला मोठा चपटा पाकट मासा सावकाश तरंगत गेला. थंडीतही त्यांच्या कानशिलांवर घाम होता.

"आजोबा, काय करताय?"

विनीता जागच्या जागी थबकली. मी नको त्या बाजूला होते, माझा हात पोचत नव्हता. काकांचे ओठ हलले. "शक्य..." ते म्हणाले. मग त्यांनी मिनूकडे बघितलं.

"टाळी देतोय. माशांना."

"ते परत देतात?"

"आत्ताच एकाने दिली."

मी थक्क झाले. हा माणूस आजारी माणसाच्या तोंडावरसुद्धा कधी बरं दिसतोस म्हणाला नव्हता. मिनूने आपला तळहात त्यांच्या हाताखाली टेकवला आणि वाट बघत राहिली. शार्क तोंडासमोरून गेला तर ही खिदळली. मग तिने आजोबांचा स्वेटर ओढला. "चला, पुढे कासव आहे!"

"तू हो पुढे. मी आलोच."

"नाही, आपण दोघं!"

काकांनी हात काढले नाहीत. त्यांनी विनीताकडे बघितलं आणि मिनूला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "विनू, सांध्यातून थेंब पडतोय. ती बाहेर पडेपर्यंत फक्त."

ते पाणी काचेवर जमलेल्या दमटपणाचं होतं. फरीदाबादच्या हिवाळ्यात माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर रोज जमतं. मी सांगायला तोंड उघडलं. पण विनीता त्यांच्या मनगटांकडे बघत होती. मनगटं थरथरत होती.

तिने पर्स खांद्यावर मागे सारली. त्यांच्या हातांशेजारी आपले दोन्ही हात काचेवर टेकवले.

"सोडा बाबा आता. मी धरते. तुम्ही तिला घेऊन जा."

काकांनी तपासलं. "तळहात पूर्ण टेकव. नुसती बोटं नकोत."

"हो."

"जोर खांद्यातून."

"हो बाबा."

त्यांनी एक हात काढला. थांबले. मग दुसरा. तो मिनूने लगेच पकडला आणि दोघं निघाले. ती उड्या मारत, आणि ते वर न बघता.

एका कॉलेजातल्या मुलाने विचारलं, "मैम, कुछ टेस्टिंग चल रही है?" विनीता पाण्याकडे बघत मला म्हणाली, "मावशी, सुट्टीसाठी तिचे स्वेटर किती देऊ?"

"दोन दे. बाकीचं ते बघतील."

वळणापलीकडून काकांचा आवाज आला. "विनू! सोड आता! आम्ही बाहेर आलो!"

"चल," मी म्हटलं.

विनीताने हात लगेच काढले नाहीत.