वाकडी ओळ

पंगतीत शेषराव ढोबळे ओळीत बसत नाहीत. सगळे बसून झाले की ते आपली पत्रावळ हातभर पुढे ओढतात आणि तिथं मांडी घालतात. देवळीला माझ्या पुतणीच्या लग्नात वाढणारा पोरगा वरणाची बादली घेऊन धावत आला, यांच्या गुडघ्याला अडखळला आणि अर्धं वरण नवरदेवाच्या मामाच्या धोतरावर गेलं. मामा भडकले. शेषराव शांतपणे म्हणाले, "ओळ सरळ धरली का नुकसान होतेच, बाप्पा." वरण आपल्यामुळे सांडलं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

पिपरी मेघेला आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. वर्ध्याच्या शाळेत भूमिती शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे सरळ रेघेबद्दल मला आदर आहे. शेषराव जंगलखात्यात वनरक्षक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या अंगणात एकही झाड दुसऱ्याच्या ओळीत नाही. त्यांच्या बायकोनं, कमलाकाकूंनी, मोगऱ्याच्या तीन कुंड्या नीट मांडल्या, की हे जाता-येता मधली कुंडी सरकवून ठेवतात. बँकेत रांगेत उभे राहतात, पण एक पाऊल बाहेर. मागून येणारा यांना रांगेतला धरतच नाही आणि पुढे जाऊन उभा राहतो. दोन तासांनी शेषराव काम न होताच घरी येतात.

दुसरं म्हणजे, त्यांच्या घरातला कोणताही डबा विचारल्याशिवाय उघडू नये. आमच्या हिनं एका दिवाळीत चिवड्याचा समजून एक उघडला. आत अस्वलाची वाळलेली विष्ठा होती. ही किंचाळली. शेषराव धावत आले, ते डबा वाचवायला.

"सांडलं तं नाई ना? बहाव्याचं बी हाय त्याच्यात. अस्वलाच्या पोटातून आलेलं बी चांगलं उगवते."

स्वयंपाकघरातून कमलाकाकू म्हणाल्या, "ह्यायले अस्वल म्हंजे व्याही वाटते. त्याच्याकडून आलेलं काईच फेकत नाई हा मानूस."

हे सगळं बी जातं बोर धरणापलीकडच्या जंगलात. तिथं जुनी सुबाभूळ आणि माजलेली घाणेरी उपटून मूळची झाडं परत लावायचं काम चाललंय. चितळांना, अस्वलांना, पाखरांना खायला मिळावं म्हणून बेहडा, चारोळी, तेंदू, उंबर, मोह असं सगळं. शेषरावांना या कामाला कोणी बोलावलं नव्हतं. ते आपले गेले, आणि आता त्यांना 'येऊ नका' म्हणण्याची कोणाची हिंमत नाही.

त्यातली बरीचशी सुबाभूळ शेषरावांनीच नोकरीत असताना लावलेली. तेव्हा तसाच हुकूम होता. पण शेषरावांनी जिल्ह्यातली झाडून सगळी सुबाभूळ स्वतःच्या नावावर करून घेतली आहे. एसटीच्या खिडकीतून एखादी दिसली की अख्ख्या गाडीकडे वळून हात जोडतात. "माह्यीच चूक हाय, बाप्पा." एकदा कंडक्टर म्हणाला, "असंन तुमची चूक, पन काका, पाय आत घ्या."

झाडांशी ते बोलतात, हे सांगायला नकोच. सागाला 'अरे', सुबाभळीला 'काय वं टवळे'. मोहाला मात्र 'तुमी'. मी एकदा चिडवलं, तर म्हणाले, "वडीलधाऱ्यायले तुमीच म्हनतेत, सर." मी पोट धरून हसलो होतो. आता ते आठवलं की बरं वाटत नाही.

दोन वर्षांमागच्या जूनमधली गोष्ट. शेषराव एक कापडी पिशवी घेऊन आमच्या दारात आले. पिशवीत मोहटोळी होत्या, म्हणजे मोहाच्या बिया. जंगलातल्या एका नाल्याकाठच्या ठरावीक झाडाखालून त्यांनी त्या वेचून आणल्या होत्या. "उद्या डोळ्याचं आपरेशन हाय. परवा येतो न् लावतो. तोवर सांभाळजा, सर. घरी ठेवल्या तं कमला तेल काढून आनंन."

परवा ते आलेच नाहीत. डोळा लाल झाला म्हणून डॉक्टरांनी आठवडाभर ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी मला पिशवी ओलसर लागली. आमच्याकडे तूर म्हणू नका, मिरची म्हणू नका, जे टिकवायचं ते गच्चीवर उन्हात पडतं. मी स्वच्छ धोतर अंथरलं आणि त्या बिया अगदी ओळीत मांडल्या. सकाळ-संध्याकाळ हलवत होतो. एकही बुरसू दिली नाही. शेषराव डोळ्यावर हिरवी पट्टी लावून परत आले, तेव्हा मी ती पिशवी त्यांच्यापुढे खुळखुळ वाजवून दाखवली.

त्यांनी एक बी काढली आणि दाताखाली फोडली.

"मोहाचं बी वाळलं का मरते, सर. ओलं असतानाच मातीत टाका लागते."

मी पिशवी खाली ठेवली. तेच म्हणाले, "मीच सांगाले पायजे होतं. माह्यीच चूक हाय." हे वाक्य मी शंभर वेळा ऐकून हसलो होतो. त्या दिवशी ते माझ्या वाटणीचं होतं, आणि त्यांनी तेही स्वतःकडे घेतलं.

"दुसऱ्या आणू," मी म्हणालो.

"आता झाडाखाली काय राह्यलं? रानडुकरायनं खाल्लं असंन. आता पुढच्या सालीच."

"मग पुढच्या वर्षी. मोह काय पळून चालला?"

"मोह नाई पळत. सोनाबाई ऐंशीच्या वर हाय."

कोण सोनाबाई, हे त्या संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं. इतकी वर्षं शेजारी राहून मी ते कधी विचारलं नव्हतं.

सोनाबाई उईके ही जंगलाकाठच्या पाड्यावरची. तिथं गोंडांच्या घराघराचे मोह ठरलेले असत. सोनाबाईला तिचा मोह सासूकडून आलेला. चैत्रात पहाटे ती झाडाखालची जमीन झाडून घ्यायची आणि पडलेली फुलं टोपलीत वेचायची. शेषराव तेव्हा नवे वनरक्षक. सुबाभळीच्या लागवडीची आखणी सुरू झाली, तेव्हा ती म्हणाली, "दादा, हे राहू दे." शेषराव म्हणाले, "राह्यते." मग दोरी ताणली, आणि ती बरोबर मोहाच्या बुंध्यावर आली.

"साहेबानं तोडाले सांगतलं नोतं, सर. कोनीच सांगतलं नोतं. ओळ वाकडी दिसत होती. मलेच सरळ पायजे होती."

पुढच्या चैत्रात सोनाबाई झाडू आणि टोपली घेऊन आली. खुंटाभोवतीची सगळी जमीन तिनं नेहमीसारखी झाडली, थोडा वेळ बसली आणि रिकामी टोपली घेऊन निघून गेली. शेषराव झुडपाआडून पाहत होते. "शिवी देली असती तं बरं झालं असतं," ते म्हणाले.

पुढे ते गाव जंगलाबाहेर वसलं. सुबाभूळ निघायला लागली तेव्हा शेषराव शोधत शोधत सोनाबाईच्या नव्या घरी गेले. नाल्याकाठचा मोह तिच्याच मोहाच्या बीचा, हे तीच त्यांना सांगू शकत होती, आणि तिनं सांगितलं. त्याचं बी जुन्या जागी लावतो, असं शेषराव कबूल करून आले. ती म्हणाली होती, "लाव. उगवलं का मले पाहाले नेजो."

त्याच्यासाठीच्या बिया मी गच्चीवर वाळवल्या होत्या.

सोनाबाई त्या माघात गेली. निरोप आला तेव्हा शेषराव अंगणात होते. ते तसेच आत गेले आणि दोन दिवस बाहेर आले नाहीत. माझा हात बियांना लागला नसता, तर तिनं निदान चार पानं पाहिली असती. हे मी त्यांना कधी म्हणालो नाही, पण रोज मनात येतं.

पुढच्या जूनमध्ये आम्ही दोघं त्या नाल्याकाठी गेलो. बिया ओल्या फडक्यात मी धरल्या होत्या, आणि उन्हाचा कवडसा पडू नये म्हणून वर छत्री. तासाभरात त्या मातीत गेल्या. त्यातली एक जगली.

यंदा चैत्रात शेषराव सकाळी सकाळी दार वाजवून म्हणाले, "येता काय?" रोप वीतभर झालं होतं. जुन्या खुंटाच्या जागी ते एकटंच, कोणत्याही ओळीत नसलेलं. शेषरावांनी पिशवीतून झाडू काढला आणि रोपाभोवतीची जमीन झाडायला लागले. सोबत आलेला वनरक्षक म्हणाला, "आग लागू नये म्हनून पाला काढता काय, काका?" शेषराव "हो" म्हणाले. तो पाणवठ्याकडे गेल्यावर मी विचारलं, "फुलं यायला किती वर्षं लागतील?"

"दहा, पंधरा. मी थोडीच राह्यतो तोवर."

"मग आत्तापासून काऊन झाडता?"

"चैत्र हाय, सर. या दिवसायत इथं कोनीतरी झाडते."

मग ते रोपाजवळ उकिडवे बसले. "तुमी वाढा," त्याला म्हणाले. "घाई नाई."

पिशवीत आणखी एक झाडू होता. मी चपला काढल्या आणि दुसऱ्या बाजूनं झाडायला लागलो. सवयीनं माझ्या झाडूच्या रेघा मातीत सरळच उठत होत्या. शेषरावांनी त्या पाहिल्या, आणि त्या दिवशी तशाच राहू दिल्या.