घोरपड सिस्टर आणि अपशकुनी टिटव्या

एका जंगलात एक दवाखाना होता. होता म्हणजे खरोखरच होता. नुसता पायाभरणीचा दगड नव्हता.

पोरांनो, नीट बसा. मधी बोलायचं न्हाई. ज्याला शी-शू लागली असंल त्यानं आत्ताच जाऊन यावं, कारण पुढं गोष्टीत बेडपॅन येतंय.

दवाखान्याच्या दारात पाटी होती, 'शांतता राखा'. त्या पाटीलाच भोंगा बांधून बेडकांचं भजनी मंडळ दिवसभर गायचं. आत खाटा हलायच्या. पण देवाच्या नावाला नको कोण म्हणणार? उलट सगळ्यांनी वर्गणी दिलेली.

त्या दवाखान्यात एक अतिदक्षता विभाग होता. अतिदक्षता म्हणजे काय? तर बाकीच्या वॉर्डात जे लक्ष द्यायला पाहिजे आणि देत न्हाईत, ते हितं देतात.

वॉर्डाचे डॉक्टर बगळेसाहेब. पांढरेशुभ्र. सकाळी यायचे, खाटेपाशी एका पायावर उभं राहायचे, डोळे मिटायचे. नातेवाइकांना वाटायचं, केवढा विचार चाललाय. मग डोळे उघडून म्हणायचे, "आहे तेच चालू ठेवा," आणि तळ्याकडं निघून जायचे.

आहे ते चालू ठेवायचं काम घोरपड सिस्टरचं. ती वॉर्डाची इन्चार्ज. कातडी खरबरीत, जीभ त्याहून खरबरीत. पण एकदा पेशंटला धरलं की सोडायची न्हाई. यम एका बाजूनं ओढतोय आणि ही दुसऱ्या बाजूनं. लई वेळा यमच कंटाळून जायचा.

तिच्या हाताखाली सायाळ ब्रदर. इंजेक्शनला सुया बाहेरनं आणायला लागायच्या न्हाईत. दोन सशिणी नर्स होत्या, नव्यानं लागलेल्या. पळायला चांगल्या, पण कुठं पळायचं ते कळायचं न्हाई. आणि बेडपॅनला शेणकिडा मामा. आपल्या कामावर एवढा जीव असलेला दुसरा कर्मचारी त्या जंगलात नव्हता.

आणि प्रत्येक खाटेच्या उशाला एक टिटवी. तिचं काम एकच. पेशंटचा श्वास अडला की बोंब मारायची.

घोरपडीनं सशिणींना सांगून ठेवलेलं, "टिटवी वरडली की हातातलं टाकायचं आन् पळायचं. का वरडली ते पळता पळता इचारायचं. ती खोटी वरडली तर तिला मी बघीन. तुम्ही पळाला न्हाईसा तर तुम्हाला बघीन."

सशिणी पळायच्या. टिटवीपेक्षा घोरपडीला जास्त भ्यायच्या.

तर एक दिवस ह्या वॉर्डात दगडू रानडुकराची म्हातारी आणली. चिखलात लोळून लोळून तिच्या छातीत पाणी झालं होतं.

हा दगडू म्हणजे डोक्यानं गरम. वाटेत झाड आलं तर वळसा घालायचा न्हाई, झाडाला शिव्या द्यायचा. भावाशी बोलणं बंद, बायको माहेरी. राहिली होती एक म्हातारी. तिच्याशीबी भांडायचा, पण तिनं उकरलेली कांदंमुळं खात खात भांडायचा. ती गेली तर जगात भांडायला कोणी उरणार नव्हतं.

दगडू तसाच आत घुसायला लागला. घोरपड दारात आडवी झाली.

"खुरं धुवून."

"माझी आय हाय ती."

"म्हणूनच म्हणते. तुझ्या खुराचा चिखल तिच्या छातीत घालायचा असंल तर ये तसाच."

दगडूनं जन्मात पहिल्यांदा खुरं धुतली. तीबी चारी.

आत जाऊन बघतो तर म्हातारीच्या उशाला टिटवी. दगडूच्या पाठीवरचं केस उभं राहिलं. त्याच्या भावकीत टिटवी डोक्यावरनं वरडत गेली की घरातलं एक जनावर जातं, असं आज्यापासनं चालत आलेलं. तो काही म्हणायच्या आतच टिटवी वरडली.

सशिणी पळाल्या. घोरपडीनं दगडूला ढकलून बाहेर काढलं, म्हातारीच्या घशात बांबूची पोकळ नळी घातली आणि छातीतला कफ ओढून काढला. बराच वेळ खुडबुड चालली. मग म्हातारीचा श्वास लागला.

घोरपड बाहेर आली तर दगडू फुत्कारत उभा.

"त्या अवदसेला आधी हितनं हलीव."

"कुणाला?"

"टिटवीला. अपशकुन हाय त्यो."

"अरं बाबा, ती वरडली म्हणून तुझी आय जगली."

"ती वरडली म्हणून तिचा श्वास अडला."

"आधी अडला, मग ती वरडली."

"तुला काय म्हाईत आधी काय झालं? तू तर पाठमोरी होतीस."

घोरपड हात धुवायला गेली.

पुढं असं झालं की, शेजारच्या खाटेवर एक म्हातारं सांबर होतं. टिटवी वरडली, घोरपड झटली, सायाळानं आपल्या अंगावर जेवढं होतं तेवढं सगळं टोचलं. पण त्या दिवशी यम काही कंटाळला न्हाई. सांबर गेलं.

झालं. सांबराचे नातेवाईक आणि दगडू एक झाले. टिटवी वरडली आणि पेशंट गेला, आता ह्याहून पुरावा काय पाहिजे?

टिटवी वरडूनबी वाचलेले लई होते. पण ते घरी गेले होते. घरी गेलेलं जनावर दवाखान्याकडं तोंड करून मुतत बी न्हाई. सांगायला कोण येणार?

एवढ्यात आले तरस अण्णा.

तरस अण्णा दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीचे अध्यक्ष. मेलेल्यांविषयी त्यांना लई आपुलकी. कुठंबी कोण गेलं की पहिल्यांदा अण्णा हजर. सगळे घरी गेले तरी अण्णा मागं थांबायचे, आणि निघायचे ते पोट धरून. लोक म्हणायचे, किती दुःख करून घेतात.

अण्णांनी दगडूच्या खांद्यावर पंजा ठेवला. "दगडू, तुझी आई ती माझी आई."

दगडूला रडू फुटलं. आपल्या म्हातारीकडं अण्णा कसं बघतायत ते त्याला दिसलं न्हाई.

मोर्चा निघाला. म्होरं दगडू, मागं अण्णा. सिंहमहाराज दुपारचं जेवून पडले होते. त्यांनी डॉक्टर बगळ्यांना आणि घोरपडीला बोलावलं.

"डॉक्टर, टिटव्या काढल्या तर काय होईल?"

बगळेसाहेब एका पायावर उभे राहिले. "शांतता रुग्णाला हितकारक असते, महाराज. थोडाफार फरक पडेल."

"कसला फरक?"

पण तोवर साहेबांचे डोळे मिटले होते.

घोरपड म्हणाली, "महाराज, टिटव्या गेल्या तर पेशंट बुडतोय ते मला कळणार कसं?"

सिंह म्हणाला, "बाई, विभागाचं नाव काय? अतिदक्षता. मग राहा की दक्ष."

सगळे हसले. दगडू सगळ्यांत मोठ्यानं हसला.

हुकूम निघाला. टिटव्या बाहेर, आणि प्रत्येक खाटेच्या उशाला एक भारद्वाज. भारद्वाज म्हणजे शकुनाचा पक्षी. सकाळी दिसला की दिवस चांगला जातो. लाल डोळे, तपकिरी पंख, बसायची ऐट तर अशी की पालकमंत्रीच. आणि तोंडातनं एक शब्द न्हाई.

वॉर्ड शांत झाला. नातेवाईक येऊन आधी भारद्वाजाला नमस्कार करायचे, मग पेशंटला बघायचे. सशिणींचं पळणं थांबलं. त्या खिडकीत बसून एकमेकींच्या उवा काढायला लागल्या. घोरपड एकटी ह्या खाटेवरनं त्या खाटेवर, प्रत्येकाच्या छातीला कान लावत फिरायची. हिकडं कान लावला की तिकडचा जायचा.

आता गंमत ऐका. मरणारे वाढले आणि तक्रारी बंद झाल्या.

आधी वाचलेला पेशंटबी कुरकुर करायचा, नळीनं घसा सोलला म्हणून. आता नातेवाईक डोळे पुसत म्हणायचे, "शांत गेले हो. भारद्वाजाचं दर्शन घेऊन गेले." जाता जाता पेढे द्यायचे. महाराजांनी वॉर्डाला 'शांत विभाग' म्हणून ढाल दिली. तरस अण्णांचे गाल वर आले.

आणि एका दुपारी दगडू म्हातारीच्या उशाशी बसला होता. बाहेर बेडकांचं भजन रंगात आलेलं. समोर भारद्वाज. दगडूनं त्याला हात जोडले. म्हातारी गप पडलेली. दगडूला बरं वाटलं. झोपली बिचारी.

मग त्याच्या डोक्यात आलं, की ही झोपली तर घोरत का न्हाई? म्हातारीचं घोरणं दोन टेकड्यांपलीकडं ऐकू जायचं. ती गप झोपल्याचं दगडूनं कधी पाहिलंच नव्हतं.

त्यानं वाकून बघितलं. म्हातारीचं ओठ जांभळं झालं होतं.

त्यानं भारद्वाजाकडं बघितलं. भारद्वाजानं त्याच्याकडं बघितलं. अगदी शुभ बघितलं.

घोरपड पार त्या टोकाला, एका चितळाच्या छातीवर वाकलेली, पाठमोरी.

दगडूनं बोंब ठोकली. जन्मभराचा सगळा राग त्यानं त्या एका बोंबेत घातला. सशिणींच्या हातातल्या उवा खाली पडल्या. का पळतोय हे कळायच्या आत त्या पळाल्या. घोरपड दोन खाटांवरनं उडी मारून आली. नळी घातली, छाती दाबली, सायाळानं टोचलं. शेणकिडा मामाबी बेडपॅन टाकून धावला. ते कुठं पडलं ते मी सांगत न्हाई.

लई वेळानं म्हातारी खोकली. तिनं डोळं उघडलं.

"कुणाची आय मेली रं, एवढं बोंबलायला?"

"कुणाची न्हाई, आये," दगडू म्हणाला.

तेवढ्यात तरस अण्णा आत आले. मागं समिती.

"शांत विभागात कोण बोंबललं? नियम म्हणजे नियम. दगडू, म्हातारीला उचल आन् चल भाईर."

म्हातारीच्या छातीत अजून कफ खुळखुळत होता. दारापर्यंतबी पोचली नसती. अण्णांच्या तोंडाला पाणी सुटलेलं आता दगडूला बरोबर दिसलं. त्यानं सुळे खाली केले.

घोरपडीनं मागनं त्याची शेपटी धरली. घोरपडीनं धरलेलं सुटत न्हाई.

"अण्णा, बोंबलतोय कोण?" ती म्हणाली. "त्यो भजन म्हणत होता."

"ह्ये भजन?"

"मग भाईर चाललंय ते काय हाय?"

बाहेर बेडकांनी नेमका वरचा सूर लावला. भोंगा थरथरला. अण्णा विचारात पडले. बेडकांच्या मंडळाचे अध्यक्षबी तेच होते, मंडळाच्या पाटीवर त्यांचाच फोटो होता. दगडूचं भजन न्हाई म्हणावं, तर मग बेडकांचंबी न्हाई.

"कशाचं भजन म्हणायचं ह्ये?"

"संकटनिवारणाचं. पेशंटच्या उशालाच म्हणायचं असतंय. एकट्याच्या गळ्याला झेपत न्हाई, मंडळ लागतंय. अध्यक्ष कुणाला करावं त्याच विचारात होते मी."

अण्णांनी मान ताठ केली.

दुसऱ्या दिवशी टिटव्या परत आल्या. गळ्यात माळा. डोळ्यापाशी लाल ठिपका त्यांना जन्माचाच, त्यामुळं कुंकवाचा खर्च वाचला. महाराजांनी नारळ फोडला. पाटी लागली, 'संकटनिवारण भजनी मंडळ, अध्यक्ष तरस अण्णा'.

मग टिटवी वरडली की नातेवाईक डोळे मिटून टाळ्या वाजवायचे, आणि त्या गलक्यात सशिणी पळायच्या. पेशंट जगायला लागले. भजनाचा गुण आला म्हणून जंगलभर बोलबाला झाला. अण्णांना आणि बगळेसाहेबांना शाली पांघरल्या. घोरपड कार्यक्रमाला नव्हती. कुणाचा तरी कफ अडकला होता.

दगडूला हे सहन होईना. तो घोरपडीला म्हणाला, "सिस्टर, ह्ये समदं खोटं हाय. मी भजन म्हणत न्हवतो. जाऊन महाराजांच्या तोंडावर सांगतो."

"सांग की," घोरपड नळी धुता धुता म्हणाली. "तुला खरं पायजे का आय?"

दगडूनं तोंड उघडलं. आत म्हातारी घोरत होती. दोन टेकड्यांपलीकडं ऐकू जाईल असं.

दगडूनं तोंड मिटलं. जन्मात पहिल्यांदा.

यथावकाश म्हातारी बरी होऊन घरी निघाली. वाटेत डोक्यावरनं एक टिटवी वरडत गेली. म्हातारी थबकली.

"अपशकुन झाला, दगडू. दगड मार तिला."

दगडूनं टाळ्या वाजवल्या.

तात्पर्य: पोरांनो, नेहमी खरं बोलावं असं शाळेत सांगतात. बोलावं. फक्त कुणाचा जीव वाचवायचा असंल त्या दिवशी बोलू नये. त्या दिवशी गळ्यात माळ घालून बोंब मारावी. आणि तरस अध्यक्ष होतो म्हणाला तर खुशाल होऊ द्यावा. खुर्चीत बसला की तेवढाच तो खाटेपासनं लांब राहतो.